एकच घ्या, पण चांगली घ्या

फोटोंचा, कागदपत्रांचा बॅकअप ठेवायला हार्ड डिस्क घ्यायचं ठरवलंत, उत्तम. आता घाई तेवढी करू नका. लग्नाचा अल्बम, बाळाच्या बारशाचे व्हिडिओ, सातबाऱ्याचं स्कॅन, दहा वर्षांची आयकराची कागदपत्रं ज्या लॅपटॉपवर आहेत तो अजून चालू आहे. सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घेतो, अधूनमधून निळा पडदा दाखवतो, पण चालू आहे. दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा. दिवाळीत जमलं नाही तर २६ जानेवारीचा सेल आहेच. ३१ मार्चला ‘जागतिक बॅकअप दिन’ही असतो. एप्रिल फूलचा आदला दिवस मुद्दाम निवडलाय. पण आपल्याकडे त्या दिवशी आर्थिक वर्ष संपतं, वेळ कुणाला आहे?

मधल्या काळात कंपनी ठरवावी. स्थळाची चौकशी करतात तशी करावी, म्हणजे चार घरी विचारावं आणि जो नावं ठेवेल त्याचंच खरं मानावं. मेहुणे म्हणतील, “अमुक कंपनीची अजिबात घेऊ नका, माझी वर्षात गेली.” ऑफिसातले सावंत म्हणतील, “तमुकची घेऊ नका, माझी आठ महिन्यांत गेली. अमुकची मात्र दहा वर्षं चालतेय.” दोघांचं ऐकून असं वाटू शकतं की डिस्क सगळ्यांच्याच जातात. हा विचार लगेच झटकून टाका, नाहीतर पुढचं सगळं शोधकार्यच बंद पडेल.

खरं तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हा धंदा २०११ मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला. बाकीची नावं डब्यावरची. तीन नावांमध्ये सहा महिने घोळ घालणं सोपं नाही, पण माणसाने मनावर घेतलं की होतं.

लोकांचे बॅकअप सांभाळणारी बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकी कंपनी स्वतःकडच्या हजारो डिस्कपैकी कुठल्या मॉडेलच्या किती गेल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करते. ते वाचू नका. अलीकडच्या वर्षांत शंभरातल्या साधारण एक-दोन डिस्क वर्षभरात जातात, तिन्ही कंपन्यांच्या जातात, आणि एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं टिकतं तर दुसरं भराभर मान टाकतं, असं त्यात दिसतं. शिवाय त्या डिस्क थंड खोलीत, एका जागी पक्क्या बसवलेल्या. तुमची डिस्क सोफ्याच्या हातावर ठेवलेली असणार आणि वायरीत धाकट्याचा पाय अडकणार. तो आकडा कुणी जाहीर करत नाही.

आता भाव. साधी दोन टीबीची, म्हणजे दोन हजार जीबीची, डिस्क सेलमध्येही काही हजारांना पडते. पण तुम्ही चतुर आहात. तुम्हाला मोबाइलवर स्क्रोल करताना सोळा टीबीची एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) दीड हजारात दिसलेली आहे, वर ‘शेवटचे ३ नग’. ती घ्या. धातूचा चकचकीत डबा येतो, हातात चांगला जड लागतो. तो उघडला तर आत मोबाइलमध्ये घालतात तसलं चिमुकलं मेमरी कार्ड आणि कधीकधी वजनासाठी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा सापडतो. पण डबे उघडायची सवय चांगली नाही. आतल्या चिपला कंप्युटरशी खोटं बोलायला शिकवलेलं असतं. तो विचारतो, जागा किती? ती सांगते, सोळा टीबी. मग तुम्ही भरत राहता. खरी जागा संपली की नवं जुन्यावरच लिहिलं जातं किंवा हवेत जातं. फोल्डर दिसतात, फायलींची नावं दिसतात, साइजसुद्धा बरोबर दिसते. फाइल तेवढी उघडत नाही. हे पकडणारी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफथ्री’ अशी फुकट सॉफ्टवेअर आहेत, ती डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतात. पण त्यात दिवस जातो, आणि तुम्हाला तर पाच चांदण्यांचं परीक्षण आजच टाकायचंय, पन्नास रुपयांचा कॅशबॅक आहे.

संशय घ्यायचाच असेल तर खऱ्या डिस्कवर घ्या. दोन टीबीची म्हणून आणलेली डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते, एक टीबीची ९३१ जीबी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढाच हिशेब आहे. पण तुम्ही डबा घेऊन दुकानात जा, आवाज चढवा, ग्राहक मंचाचं नाव काढा. सोळा टीबीवाल्याला मात्र काही विचारू नका, तो बिचारा पूर्ण सोळा दाखवतो.

वॉरंटी बघून घ्यावी, बहुतेक तीन वर्षांची असते. डिस्क बिघडली की तुमची ते ठेवून घेतात आणि बदल्यात दुसरी देतात, स्वच्छ, कोरी, एकही फोटो नसलेली. तुम्हाला वाटलं होतं तशी वॉरंटी बारशाच्या व्हिडिओची नसते. बिल मात्र जपून ठेवा, शक्यतो पीडीएफ करून त्याच डिस्कवर.

डिस्क घरी आली. आता मुख्य काम: कॉपी-पेस्ट करू नका, कट-पेस्ट करा. लॅपटॉपवर जागा लाल झालेलीच आहे, एकदा सगळं डिस्कवर हलवलं की दोघांनाही मोकळं वाटतं. काही चिकित्सक लोक म्हणतात की एकाच ठिकाणी असलेल्या गोष्टीला बॅकअप म्हणत नाहीत, हा फक्त पत्ता बदलला. दुर्लक्ष करा. त्यांचाच तो ३-२-१ चा नियम. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला: प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत घराबाहेर. मजबूत रबरी कवचाची, पडली तरी चालणारी महागडी डिस्क घेण्याऐवजी त्यात थोडी भर घालून साध्या दोन घ्या आणि एक ताईकडे नाशिकला ठेवा, असं हे लोक सुचवतात. ताई उघडून बघेल! पासवर्ड लावता येतो म्हणे, पण सख्ख्या बहिणीकडे पासवर्ड लावून डिस्क ठेवणं बरं दिसतं का? आणि एवढं कशासाठी? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात घरं पाण्याखाली गेली, लॅपटॉप आणि डिस्क एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकदमच भिजणार, हे मान्य. पण तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता.

डिस्क ठेवायच्या दोन पद्धती आहेत. पहिली, लॅपटॉपला कायमची लावून ठेवणं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याने कंप्युटरसोबत जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या. जोडलेली असली की व्हायरसलासुद्धा शोधाशोध पडत नाही. दुसरी पद्धत आपल्या संस्कृतीला धरून आहे. डिस्क कपाटात, साड्यांखाली, तिच्या मूळ डब्यात ठेवायची आणि खंडेनवमीला बाहेर काढायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. कंप्युटरला जोडायची नाही. जोडली तर एखादी फाइल उघडून बघायचा मोह होतो, आणि उघडली नाही तर सणाचा दिवस वाया. एसएसडी असेल तर वर्षानुवर्षं विजेविना ठेवल्यावर तिच्यातला मजकूर विरत जाऊ शकतो. पूजेला त्याने बाधा येत नाही.

गिटलॅब या प्रोग्रामरांचं काम साठवणाऱ्या कंपनीचं उदाहरण देऊन तुम्हाला कुणी घाबरवेल. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी पाचांपैकी एकही धड कामाची निघाली नाही. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. यातून तुम्ही काय घ्यायचं? पाच ठेवूनही जर हे होतं, तर दुसऱ्या डिस्कचे पैसे तरी कशाला घालवा?

आता वापर. चालू डिस्कमध्ये तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. अशा वेळी डिस्क उचलून, वायर लोंबकळत, टीव्हीला लावायला न्यावी. डिस्कची तब्येत सांगणारं ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ पिवळा इशारा देऊ लागलं तर ते सॉफ्टवेअर काढून टाकावं.

आणि मग एक दिवस डिस्क टक्-टक् करू लागेल. ती आत्ता बंद करून पुन्हा वीज न देणं एवढंच योग्य, कारण प्रत्येक वेळी सुरू करताना डोकं तबकडीवर घासून उरलंसुरलं खरवडू शकतं. म्हणून तुम्ही ती वीस वेळा लावून बघा. दुसऱ्या पोर्टला, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला. हलकेच टपली मारा. मेहुणे फ्रीजरचा उपाय सांगतील, मटारच्या पिशवीशेजारी रात्रभर ठेवा, म्हणजे सकाळी बाहेर काढल्यावर आत दवही धरेल. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर. हे काम ज्या खोलीत करतात तिथली हवा गाळून घेतलेली असते, पण तुम्ही नुकताच केर काढलाय.

एवढं झालं की मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात डेटा परत काढून देणारा शोधा. तो डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट आकडा सांगेल. “नवीन डिस्क सात हजारात येते, आणि तुम्ही नुसता डेटा काढायचे इतके घेता?” असं त्याला ठणकावून विचारा. तो काही बोलणार नाही, त्याला रोज कुणी ना कुणी हेच विचारतं. मग तो एका कागदावर सही घेईल, की डेटा मिळेलच अशी हमी नाही.

मिळालाच, तर बऱ्याचदा फोल्डर आणि नावं गेलेली असतात. हजारो फायली, नावाच्या जागी नुसते आकडे. बारसं कुठलं, मुंज कुठली, एकेक उघडून बघायचं. निम्मे फोटो अर्धे करडे. त्या ढिगात गुलाबाच्या फुलांचे, वाफाळत्या कपाचे ‘शुभ सकाळ’वाले मात्र लख्ख निघतील. नसते निघाले तरी अडलं नसतं. ते ताईच्या फोनमध्ये आहेत, मेहुण्यांच्या आहेत, सावंतांच्या आहेत, काकूंच्या टॅबमध्ये आहेत, आणि अमेरिकेतल्या भाच्याकडेही.