जिम्बो फिशरच्या ७६ मिलियनचं खरं काय ते

अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या माजी (अमेरिकन) फुटबॉल कोचबद्दल अजून तेच फिरतंय, की बूस्टर म्हणजे बड्या देणगीदारांनी एका रात्रीत ७६ मिलियन डॉलर्सचा चेक फाडला आणि जिम्बो फिशरला घरी पाठवलं. असं झालेलं नाहीये. १२ नोव्हेंबर २०२३ ला त्याला काढलं हे बरोबर, पण मुदतीआधी काढल्याच्या भरपाईचे हे पैसे हप्त्यांनी आहेत, पहिल्या ६० दिवसांत साधारण १९.२ मिलियन आणि मग २०३१ पर्यंत दरवर्षी ७.२ मिलियन, कारण २०२१ मध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट फुल गॅरंटीने वाढवून दिलं होतं, माझ्या मते खरी चूक तिथेच झाली. देणगीचा पैसा वापरणार हे लपवलेलंही नव्हतं, पहिला हप्ता ट्वेल्फ्थ मॅन फाउंडेशनच्या (युनिव्हर्सिटीच्या खेळांसाठी देणग्या गोळा करणारी संस्था) देणग्यांतून असं युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स डायरेक्टरनेच सांगितलेलं.

आणि "बूस्टर ठरवतील तोच कोच" म्हणणाऱ्यांनो, मार्क स्टूप्सचं आठवा ना. २५ नोव्हेंबरच्या रात्री केंटकी युनिव्हर्सिटीचा हा तेव्हाचा कोच फिशरच्या जागी जवळजवळ फायनल अशा बातम्या आल्या, ए अँड एमचे साधे फॅन्स जाम भडकले, आणि रात्री उशिरा त्याने स्वतःच केंटकीतच राहतोय अशी पोस्ट टाकली. दोन दिवसांत ड्यूक युनिव्हर्सिटीहून माइक एल्को कोच म्हणून आला, जो २०१८ ते २०२१ ए अँड एममध्येच टीमचा डिफेन्स सांभाळत होता.