प्रकटीकरणातलं श्वापद पहिल्या वाचकांनी लगेच ओळखलं होतं

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर तोच मेसेज नव्या कपड्यात येतो. कधी बारकोड, कधी मायक्रोचिप, कधी एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या नावाची अक्षरं मोजून काढलेला ६६६ हा श्वापदाचा आकडा. कोविडच्या काळात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजींनी लस घ्यायला साफ नकार दिला. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तेराव्या अध्यायातली श्वापदाची खूण ती हीच, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. मुलांनी समजावलं, पाळकसाहेब घरी जाऊन प्रार्थना करून आले, तरी त्यांची भीती जाईना. आयुष्यभर विश्वासाने चाललेली बाई स्वतःच्याच पवित्र शास्त्राला घाबरत होती. त्या गोष्टीचा मला आजही राग येतो. राग आजींवर नाही. त्यांना हे पुस्तक कोणी कधी बसून शिकवलंच नाही, त्याचा आहे. म्हणून जरा लांब लिहितेय. वेळ काढून वाचा.

हे पुस्तक मुळात एक पत्र आहे, इथून सुरुवात करायला हवी. पात्म बेटावर असलेल्या योहानाने ते आसिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या, सात मंडळ्यांना लिहिलं: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ सम्राट डोमिशियनच्या शेवटच्या वर्षांत, इ.स. ९५ च्या आसपास धरतात. काहीजण तो आधीच्या सम्राट नीरोच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत नेतात. पहिल्याच अध्यायात वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलं आहे. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. एखाद्या घरात जमलेली माणसं, त्यात गुलाम, कारागीर, विधवा, बहुतेकांना अक्षरओळख नसणारच. त्यांना हे कानाने ऐकून कळायचं होतं. विसाव्या शतकातल्या मायक्रोचिपबद्दलचा गुप्त संदेश त्यांना पाठवून योहान काय साधणार होता?

आणि त्यांना ते कळलं असणार. भारुडात विंचू चावतो तेव्हा तो कुठला विंचू हे ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी समजावून द्यावं लागत नाही. त्या सात गावांतल्या लोकांच्या कानात दानीएल, यहेज्केल, निर्गम ही जुन्या करारातली पुस्तकं आधीच भरलेली होती. प्रकटीकरणात ४०४ वचनं आहेत. जुन्या करारातला एकही उतारा 'असं लिहिलं आहे' म्हणून दिलेला नाही, पण जवळजवळ प्रत्येक ओळीत त्याचे पडसाद आहेत. दानीएलाच्या सातव्या अध्यायात समुद्रातून चार श्वापदं वर येतात: सिंहासारखं, अस्वलासारखं, चित्त्यासारखं आणि चौथं भयानक. योहान चौघांची अंगं एकत्र करून एकच श्वापद उभं करतो. दानीएलात श्वापद म्हणजे साम्राज्य, हे ज्याला माहीत आहे त्याला योहानाचं बोट कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

अनेकजण म्हणतात की ही सांकेतिक भाषा होती, रोमी अधिकाऱ्यांच्या हाती पत्र पडलं तर कळू नये म्हणून. मला हे मुळीच पटत नाही. सतराव्या अध्यायात श्वापदाची सात डोकी म्हणजे ती स्त्री ज्यांच्यावर बसली आहे त्या सात टेकड्या, असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता चालवणारी नगरी, हेही. सात टेकड्यांचं शहर कोणतं, हे साम्राज्यातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. इ.स. ७१ मध्ये व्हेस्पेशियनने एक पितळी नाणं काढलं होतं. एका बाजूला सम्राटाचं मस्तक. दुसऱ्या बाजूला रोमा देवी, योद्ध्याच्या वेषात, हातात आखूड तलवार, सात टेकड्यांवर ऐसपैस टेकून बसलेली, जवळ तैबर नदीचा देव आणि जुळ्या बाळांना पाजणारी लांडगी. योहानाने हेच नाणं पाहिलं होतं असा माझा दावा नाही. पण रोमा देवीची देवळं त्याच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या होती. स्मुर्ण्यात इ.स.पू. १९५ पासून होतं. पर्गमात इ.स.पू. २९ मध्ये रोमा आणि ऑगस्टसचं देऊळ उभारायची परवानगी मिळाली. इफिसात डोमिशियनच्याच कारकिर्दीत, इ.स. ८९-९० मध्ये, सम्राटांच्या घराण्यासाठी नवं भव्य देऊळ झालं. रोमने स्वतःचं जे चित्र मिरवलं, तेच योहान उचलतो. तीच बाई, त्याच टेकड्या. फक्त त्याच्या चित्रात ती रक्ताने झिंगलेली आहे. चिन्ह इथे काही लपवत नाही, सत्तेचा मुखवटा ओढून काढतं.

६६६ चंही तसंच. तेव्हा ग्रीक आणि हिब्रू अक्षरांनाच अंकांची किंमत असे, त्यामुळे प्रत्येक नावाची एक बेरीज निघायची. पाँपेईच्या भिंतीवर कोणीतरी लिहून ठेवलंय की जिचा आकडा ५४५ आहे तिच्यावर माझं प्रेम आहे. इतका हा प्रकार रोजचा होता. 'नेरोन कैसर' हिब्रू अक्षरांत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज करा, ६६६ येते. यापेक्षा पक्की गोष्ट अशी की काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका पपायरसवर तो आहे, आणि इ.स. १८० च्या सुमारास इरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूलाही तो माहीत होता, त्याने तो चुकीचा ठरवला. आता लॅटिन उच्चाराप्रमाणे 'नेरो' लिहा, शेवटचा नून गळतो, ५० कमी होतात, ६१६. दोन्ही आकडे एकाच माणसापाशी येऊन थांबतात. कोणाला यात अजून शंका असू शकते. इरेनियसने स्वतः नीरोचं नाव घेतलं नाही, इतर नावं सुचवली आणि हट्टाने एकच धरू नका असंही सांगितलं. तो सल्ला आजच्या यूट्यूबवाल्यांनी ऐकला असता तर फार बरं झालं असतं.

पण मग योहान लिहितो तेव्हा नीरो तर इ.स. ६८ मध्येच मेला होता ना? हो, आणि तरीही तो परत येणार अशी अफवा दशकानुदशकं चालली होती. पूर्वेकडे स्वतःला नीरो म्हणवणारे तोतये उभे राहिले, एकाला रोमच्या पूर्वेकडच्या शत्रूंनी, पार्थी लोकांनी, पाठिंबाही दिला. म्हणून श्वापदाला प्राणघातक जखम आहे आणि ती बरी झाली आहे. एक जुलमी मरतो आणि त्याचा जुलूम नव्या चेहऱ्याने परत येतो, हे त्या ऐकणाऱ्यांनी भोगलेलं होतं.

आता ती खूण. उजव्या हातावर किंवा कपाळावर, जिच्यावाचून विकत घेता येत नाही, विकताही येत नाही. पुढचा अध्याय उघडा. १,४४,००० जणांच्या कपाळावर पित्याचं नाव आहे. ते नाव कोणत्या शाईने लिहिलं, कोणत्या सुईने टोचलं, असा प्रश्न कोणी विचारत नाही. मग एक खूण आत्मिक आणि दुसरी मात्र इंजेक्शनची, हा न्याय कुठला? हात आणि कपाळ दोन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून आले आहेत. देवाची वचनं हाताला बांध, डोळ्यांच्या मध्ये ठेव. तू कोणाचा आहेस, तुझं काम आणि तुझा विचार कोणाच्या मालकीचा, हा तिथला प्रश्न आहे.

आणि खरेदी-विक्रीचं म्हणाल तर थुवतीराकडे पाहा. रंगारी, लोकरवाले, चांभार, तांबट अशा कारागिरांच्या संघांचे शिलालेख तिथे मिळाले आहेत. प्रेषितांच्या कृत्यांतली जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया याच गावची. संघात राहायचं तर संघाच्या मेजवान्या, मेजवानीत देवाला वाहिलेलं मांस, सम्राटाच्या नावाने पेय ओतणं. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटणार, माल कोणी घेणार नाही. जवळजवळ इ.स. ११२ मध्ये शेजारच्या प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांपुढे तो सम्राटाची मूर्ती ठेवतो, धूप आणि द्राक्षारस वाहायला लावतो, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावतो. जो करेल त्याला सोडतो. चिमूटभर धूप, बस. तेवढ्याने धंदाही वाचतो, जीवही वाचतो. योहान या चिमटीबद्दल बोलतोय.

अठराव्या अध्यायात बाबेल, म्हणजे टेकड्यांवरची तीच नगरी, कोसळते तेव्हा व्यापारी रडतात, आणि योहान त्यांच्या मालाची यादी देतो. २८ जिन्नस. सोनं, चांदी, रत्नं, मोती, तागाचं तलम कापड, जांभळं कापड, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, गहू, गुरं, घोडे, रथ. यात आपल्याही किनाऱ्याचा वास आहे. त्याच पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत, पैठण आणि तेरहून गाड्यांतून भडोचला जाणारा माल आहे, आणि भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालात हस्तिदंत आणि रेशीम आहे. रोमच्या श्रीमंतांच्या घरी जे पोचत होतं त्यातलं काही आपल्या घाटांतून उतरलेलं होतं. यादीच्या शेवटी, घोडे आणि रथांच्या नंतर, माणसं येतात: गुलाम, माणसांचे जीव. सोन्यापासून सुरू झालेली यादी माणसाला गुरांच्याही खाली नेऊन ठेवते. बाबेल का पडते याचं कारण योहानाने एका बाजारयादीत सांगितलं आहे. मला संपूर्ण पुस्तकात यापेक्षा धारदार जागा दिसत नाही, आणि आपल्याकडच्या 'शेवटच्या काळा'च्या संदेशांत हा अध्याय मी क्वचितच ऐकला आहे.

या पुस्तकाची किल्ली पाचव्या अध्यायात आहे असं मी मानते. कोणालाही उघडता न येणारी गुंडाळी, योहान रडतोय, आणि एक वडील त्याला सांगतो की रडू नको, यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे. योहान सिंह ऐकतो. वळून पाहतो तर वधलेला कोकरा, म्हणजे ख्रिस्त, उभा. सातव्या अध्यायात पुन्हा तेच: १,४४,००० असा मोजका आकडा कानावर पडतो आणि डोळ्यांना दिसतो तो कोणाला मोजता न येणारा, प्रत्येक राष्ट्राचा आणि भाषेचा समुदाय. ऐकलेलं एक, पाहिलेलं दुसरं, आणि दुसऱ्याने पहिल्याचा अर्थ पार बदलतो. सिंह जिंकला तो मरून. ज्याच्या हाती ही किल्ली नाही तो पुढची सगळी युद्धं तलवारीची समजतो. १५३४-३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात तसं समजून माणसं मेली. १८४४ च्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत हजारो विश्वासू लोक प्रभूची वाट पाहत राहिले, कारण विल्यम मिलर या उपदेशकाच्या हिशेबातून त्यांच्यापर्यंत ती तारीख आली होती. दुसरा दिवस उजाडला तेव्हा त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून मला गलबलतं.

बरं, ज्या दोन शब्दांनी सगळ्यात जास्त घबराट पसरते ते इथे नाहीतच. 'ख्रिस्तविरोधी' हा शब्द योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, प्रकटीकरणात एकदाही नाही. 'रॅप्चर'ची, म्हणजे विश्वासणारे एकाएकी वर उचलले जाण्याची, कल्पना थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातल्या एका वचनावर उभी आहे, आणि आज सांगतात त्या रूपात ती एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकापासून पसरली.

माझे काही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, सगळं रोमबद्दल होतं, रोम संपलं, पुस्तकही संपलं. हेही मला मान्य नाही. योहानाला 'रोम' लिहिता आलं असतं, त्याने बाबेल लिहिलं. सहा शतकांपूर्वी यरुशलेमेचं मंदिर पाडणाऱ्या शहराचं नाव त्याने इ.स. ७० मध्ये मंदिर पाडणाऱ्या शहराला दिलं. नाव एकदा सरकवता येतं तर पुढेही सरकतं. पण ते कुठे लागू होतं हे ठरवायला आधी पहिल्या जागी ते काय करत होतं ते पाहावं लागतं. जिथे सत्ता पूजा मागते आणि बाजार माणसांचे जीव मोजतो, तिथे बाबेल शोधा. नावांची अक्षरं मोजून ती सापडणार नाही.

आणि शोधताना लावदिकीयाला विसरू नका. इ.स. ६० च्या भूकंपात ते शहर पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशांनी उभं राहिलं. 'मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही' हे वाक्य योहानाने त्यांच्याच तोंडी घातलं आहे. जवळच हिएरापलीसला गरम झरे, कलस्सैला गार पाणी, आणि लावदिकीयात नळातून आलेलं, ज्याच्या क्षारांनी भरलेले पाइप आजही अवशेषांत दिसतात. त्या मंडळीला योहानाच्या पत्रात 'कोमट' म्हटलं आहे, ती उपमा तिथूनच आली का यावर वाद आहे. पण ते पत्र खात्यापित्या मंडळीला होतं, यात वाद नाही.

आमच्या संडे स्कूलच्या मोठ्या मुलांबरोबर मी येत्या महिन्यापासून दुसरा आणि तिसरा अध्याय घेणार आहे, ज्यांत सात मंडळ्यांना एकेक पत्र आहे, दर रविवारी एक मंडळी, नकाशा समोर ठेवून. तेरावा अध्याय त्यानंतरच. पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे की हे पुस्तक यूट्यूबवर सोडून देऊ नका. आणि ज्यांच्या घरात त्या आजींसारखं कोणी घाबरलेलं आहे, त्यांनी आज संध्याकाळी पाचवा अध्याय त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पाच-दहा मिनिटं लागतील.