गावाच्या ‘येड्या’ला अर्ज नीट लिहून द्या

जिंतूर, अंबड, औसा, कंधार, कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. तिथं एक अर्जवाला माणूस असतोच. पिशवीत पोचपावत्यांची थप्पी, खिशात टेप, तोंडात नगरपालिकेच्या ठरावांचे नंबर. टपरीवर त्याला ‘येडं’ म्हणतात, पुढारी ‘डोकं फिरलंय’ म्हणतात, आणि तो दिसला की सीओसाहेबांना, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना, अचानक मीटिंग आठवते. माझं मत सरळ आहे. नगरसेवकानं करायचं निम्मं काम हा माणूस पदरचे पैसे घालून करतो. त्याला हसणं बंद करा, आणि त्याचं काम कच्चं राहणार नाही एवढं बघा.

आपल्याकडच्या बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस किंवा त्यानंतर काही महिन्यांत संपली. निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. नगरसेवक नाहीत, म्हणून सभेत प्रश्न नाहीत. तरी कामं निघत होती, बिलं निघत होती. त्या काळात बिलाची प्रत मागायला कोण जात होतं, ते आपापल्या गावात आठवून बघा.

आणि विक्षिप्तपणाचं म्हणाल तर मराठवाड्याला त्याचं वावडं कधीच नव्हतं. कंधारचे केशवराव धोंडगे शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, पाच वेळा आमदार, १९७७ ला नांदेडचे खासदार. बोलणं रांगडं, आंदोलनाच्या तऱ्हा जगावेगळ्या. लोकांनी त्यांना मन्याडचा वाघ म्हटलं. तोच स्वभाव निवडून न आलेल्या माणसात दिसला की आपण त्याला खुळ्यात काढतो, हे मला पटत नाही.

आता त्याचं काम कच्चं कुठं राहतं ते. पहिलं म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. तो एकाच कागदावर रस्ता, नाली, दिवाबत्ती, घरकुल सगळं मागतो. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. तिथंच कार्यालयाला अर्ज टाळायची वाट सापडते. दुसरी चूक, ‘का’ विचारणं. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ याला उत्तर मिळत नाही, कारण कायद्यानं असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. मागायचं ते असं: अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहायची वही, तिलाच एमबी म्हणतात) प्रत, गुणवत्ता चाचणीचा अहवाल आणि अंतिम बिल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. बहुतेक अर्ज इथंच मरतात. माणूस वाट बघत बसतो, कारकून ‘साहेब रजेवर हैत’ म्हणत राहतो, आणि अपिलाची मुदत निघून जाते.

एमबी हातात आली की खरा खेळ कळतो. गल्लीतला शंभर मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद रस्ता धरा. अंदाजपत्रकात काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर, म्हणजे ५२.५ घनमीटर माल. जागेवर १० सेंटिमीटरच पडली तर ३५ घनमीटर. साडेसतरा घनमीटर, म्हणजे तिसरा हिस्सा, गुत्तेदाराच्या म्हणजे ठेकेदाराच्या घरी. पण कडेला टेप लावून हे सापडेलच असं नाही. कडेची फळी पूर्ण उंचीची असते, मधे मुरूम चढवून थर पातळ केलेला असतो. कडेला माप बरोबर भरतं, मग सगळे मिळून त्यालाच खोटं पाडतात. यावर कायद्यातच उपाय आहे. माहिती अधिकाराच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिलाय. तो अर्जात लेखी मागा, रस्त्याच्या मधून कोअर, म्हणजे आरपार कापलेला गोल तुकडा, काढायला लावा.

मग उपोषण. आपल्याकडे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदनाला मंत्री येणार म्हटलं की इशारे सुरू होतात. आदल्या दिवशी पोलीस नोटीस देतात. गुन्हा करू नका अशी ताकीद देणारी; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची, आता नव्या संहितेत कलम १६८ ची. संध्याकाळी एखादा पुढारी नारळपाणी घेऊन येतो, फोटो निघतो, हातात लेखी आश्वासन पडतं: ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.’ या वाक्यात तारीख नाही, कोण करणार ते नाही. असलं पत्र घेऊन उठायचं नाही. जावक क्रमांक, अधिकाऱ्याचं नाव-पद, कामाचं नाव आणि शेवटची तारीख, या चार गोष्टी असल्याशिवाय नारळपाणी पिऊ नये. आत्मदहनाचा इशारा तर कधीच देऊ नये. त्यानं मागणी बाजूला पडते, गुन्हा मात्र अंगावर येतो.

तोतये आहेत, हे मान्य. माहिती मागायची, गुत्तेदाराला भेटायचं आणि गप बसायचं, हा काही जणांचा धंदाच झालाय. ओळखायचं सोपं आहे: मिळालेला कागद तो चौकात दाखवतो का? खरा माणूस एमबीची झेरॉक्स गल्लीतल्या लोकांच्या हातात देतो. तोतयाचा कागद घडीतून बाहेर येत नाही. पण आपले पुढारी या दोघांना एकाच नावानं हाक मारतात, ‘ब्लॅकमेलर’, आणि आपणही मान डोलावतो. याचा मला मनापासून राग येतो.

गावात शिकलेली पोरं भरपूर आहेत. त्याचा अर्ज एका विषयात बसवून टाइप करून द्यायला पंधरा मिनिटं लागतात. अपिलाची तारीख मोबाइलवर लावून द्या. पाहणीला त्याला एकटं पाठवू नका, गल्लीतले दोघं-तिघं सोबत जा आणि पंचनाम्यावर सह्या करा. आणि यातलं जमेल तेवढं बिल निघायच्या आधी करा. काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी मुरूम-खडीचा थर उघडा असतो, तेव्हाच मधली खोली मोजून, टेपसकट फोटो काढून ठेवा.