एरर नंबर २९५० आणि फासावरचे संन्यासी

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममधला मॅक्रो, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या कामांची यादी, अडला की एकापाठोपाठ दोन चौकटी येतात, आणि माणूस नेमकी चुकीची वाचतो. खरी हकीकत पहिल्या चौकटीत असते: अमुक नावाचा फॉर्म (माहिती भरायचा पडदा) सापडत नाही, तमुक फील्ड (माहितीचा रकाना) अस्तित्वातच नाही. पण तिच्यावर 'ओके' हे ठसठशीत बटण असतं, आणि 'ओके' दिसल्यावर ते न दाबणं मानवी बोटांना जमत नाही. मग दुसरी येते. तिच्यात मॅक्रोचं नाव, अट, अडलेली ॲक्शन (यादीतलं एक काम), तिची आर्ग्युमेंट्स (तिला पुरवलेली माहिती) आणि एक चार आकडी नंबर. शिवाय तीन बटणं, त्यांतली दोन पुसट. दाबता येतं ते फक्त 'स्टॉप ऑल मॅक्रोज'. मॅक्रो आधीच उताणा पडलेला असताना त्याला थांबवण्याचा अधिकार आपल्याला सन्मानपूर्वक बहाल होतो! लोक या दुसऱ्या चौकटीचा फोटो काढतात आणि मदत मागायला पाठवतात. पहिलीत काय लिहिलं होतं असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: 'ती गेली.'

अर्थात पहिली वाचली म्हणून चोर सापडतोच असं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात हा प्रोग्राम १९९२ पासून तरबेज आहे. संदेशात ज्याचं नाव असतं तो बहुधा निर्दोष असतो. त्याच्या आजूबाजूला चौकशी करावी, हा माझा पहिला नियम.

२९५० हा सगळ्यात नामांकित खटला. मॅक्रोत काहीही बदललेलं नसतं, फक्त फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेलेली असते. नव्या जागेवर ॲक्सेसचा विश्वास नसतो, म्हणून तो व्हीबीएचा, म्हणजे आपल्या पोटातल्या प्रोग्रामिंग भाषेचा, कोड बंद ठेवतो आणि धोकादायक ॲक्शन्स चालू देत नाही. 'ओपनफॉर्म' आणि 'मेसेजबॉक्स' सुखाने चालतात, व्हीबीएचा कोड चालवणारा 'रनकोड' आला की २९५०. त्यामुळे अर्धा मॅक्रो चालतो आणि माणूस उरलेल्या अर्ध्यात चूक शोधत बसतो. कोणती ॲक्शन संशयित आहे ते मॅक्रोच्या डिझाइनमध्येच कळतं: 'शो ऑल ॲक्शन्स' दाबल्यावर जिच्याशेजारी धोक्याचं चिन्ह दिसतं, ती. उपाय दोन. वरच्या पिवळ्या पट्टीतलं 'एनेबल कंटेंट' दाबायचं, किंवा फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स एवढी यात्रा करून तो फोल्डर विश्वासू ठरवायचा. आतले फोल्डरही विश्वासात घ्यायचे असतील तर त्याची वेगळी खूण आहे, आणि नेटवर्कवरचा फोल्डर असेल तर आणखी एक वेगळी. त्या शेवटच्या खुणेशेजारी 'शिफारस नाही' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे उद्या काही झालं तर आम्ही सांगितलं होतं.

फाइल ईमेलने किंवा इंटरनेटवरून आली असेल तर पिवळीऐवजी लाल पट्टी येते, आणि लाल पट्टीत 'एनेबल कंटेंट' नसतंच. हा बंदोबस्त २०२२ पासूनचा. पाठवणारा खात्रीचा असेल तर फाइल बंद करावी, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावी आणि जनरलच्या पानावर खाली 'अनब्लॉक'वर खूण करावी. सगळा संगणक विश्वासू ठरवून मोकळे होणारेही भेटतात. त्यांना मी मॅक्रो लिहून देत नाही.

फोल्डर विश्वासू आहे, तरीही 'रनकोड' रुसलेला आहे, असं असेल तर त्याचे चोचले माहीत हवेत. त्याला उत्तर परत देणारं 'फंक्शन' लागतं, उत्तर न देणारं 'सब' चालत नाही. तेही साध्या मॉड्यूलमध्ये (कोड ठेवायच्या कप्प्यात), फॉर्मच्या पोटातल्या मॉड्यूलमध्ये नाही. नावापुढे कंस हवेत, आत काही नसलं तरी. आणि मॉड्यूलचं नाव फंक्शनच्या नावासारखंच ठेवलं, तर ॲक्सेस दोघांमध्ये गोंधळतो आणि असं फंक्शन सापडतच नाही म्हणून सांगतो. फंक्शन डोळ्यांसमोर असतं, स्पेलिंग बरोबर असतं, तरी तो ऐकत नाही. मॉड्यूलच्या नावाआधी 'मॉड' लावलं की भांडण मिटतं.

नावांवरून आठवलं. फॉर्मचं नाव बदललं की टेबलं, क्वेऱ्या (टेबलांना विचारलेले प्रश्न), फॉर्म यांतले उल्लेख ॲक्सेस बऱ्यापैकी आपणहून सुधारतो. त्याच्याकडे 'नेम ऑटोकरेक्ट' नावाची सोय आहे. मॅक्रो मात्र या सोयीच्या बाहेर. तो जुन्याच नावाने हाका मारत राहतो, आणि २१०२ नंबर घेऊन येतो. म्हणून नामकरणाची हौस मॅक्रो लिहिण्याआधी भागवून घ्यावी. नावात जागा सोडली असेल तर चौकोनी कंस घालावेत, आणि मुळात जागा सोडू नये.

२४५० म्हणतो की असा फॉर्मच सापडत नाही. फॉर्म डावीकडच्या यादीत दिमाखात दिसत असतो, पण ॲक्सेसच्या लेखी जो उघडलेला नाही तो फॉर्मच नव्हे. सबफॉर्म, म्हणजे फॉर्मच्या आत बसवलेला फॉर्म, तर उघडा असूनही मोजला जात नाही. त्याचं नाव थेट घेऊन चालत नाही, दारावर वर्दी द्यावी लागते: फॉर्म्स![मुख्य फॉर्म]![सबफॉर्मची चौकट].फॉर्म![फील्ड]. यातली 'सबफॉर्मची चौकट' म्हणजे मुख्य फॉर्मवर बसवलेल्या कंट्रोलचं नाव, आत बसलेल्या फॉर्मचं नव्हे. दोन्ही नावं बहुधा सारखीच असतात. ज्या दिवशी नसतात, तो दिवस वाया जातो.

पण संन्याशांचा महामेरू म्हणजे २००१. तो म्हणतो, 'तुम्ही आधीचं काम रद्द केलंत.' कुणीही काहीही रद्द केलेलं नसतं. टेबलातून एक किंमत शोधून आणणाऱ्या 'डीलुकअप'मध्ये फील्डचं नाव चुकलेलं असतं, किंवा अटीतल्या मजकुराला अवतरणचिन्हं घातलेली नसतात, एवढंच. तीच अट आधी क्वेरीत घालून पाहावी. क्वेरी निदान चुकलेल्या नावाची किंमत विचारणारी चौकट तरी उघडते. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, तारीख दोन # चिन्हांमध्ये लागते, आणि तीही महिना आधी लिहून. ०५/०६ लिहिलं की ती ६ मे होते. १३/०६ लिहिलं, तर तेरावा महिना नाही म्हणून ॲक्सेस मुकाट्याने १३ जून समजतो. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस हिशेब चुकतो आणि तेराव्याला आपोआप बरा होतो. ज्याची चाचणी २५ तारखेला झाली, त्याचं कल्याण असो.

चोर रंगेहाथ पकडायचा तर डिझाइनच्या पट्टीवरचं 'सिंगल स्टेप' चालू करावं. मग प्रत्येक ॲक्शनपूर्वी चौकट थांबते, अटीचं उत्तर खरं की खोटं ते दाखवते, आणि 'स्टेप' दाबलं की एक पाऊल पुढे जाते. नंबराच्या जागी ० असेल तर अजून काही बिनसलेलं नाही. मात्र ही सोय एका मॅक्रोपुरती राहत नाही, सगळ्यांना लागू होते. एखादा फॉर्म दर सेकंदाला टायमरवर मॅक्रो चालवत असेल तर चौकटींचा पाऊस सुरू होतो. त्यापेक्षा संशयित ओळीच्या आधी 'सिंगलस्टेप' ही ॲक्शनच टाकावी. पहारा तिथूनच सुरू होतो.

ओरडणाऱ्या चुकांपेक्षा मला न ओरडणाऱ्यांची जास्त धास्ती वाटते. 'सेटवॉर्निंग्ज' नो केलं की 'इतक्या नोंदी बदलतील, चालेल?' हा प्रश्न बंद होतो. पण 'इतक्या नोंदी बदलता आल्या नाहीत' ही तक्रारही त्याच तोंडात कोंबली जाते. मॅक्रो संपला की ॲक्सेस ते तोंड आपणहून मोकळं करतो. व्हीबीएत करत नाही, तिथे आपणच करायचं. 'ऑनएरर नेक्स्ट'चंही तसंच: चूक झाली तरी पुढे चल, असा तो हुकूम. त्यानंतर 'मॅक्रोएरर.नंबर' शून्य आहे का ते इफमध्ये तपासलं नाही, तर ती चूक गिळणंच झालं. बटणाचा विझार्ड 'पुढची नोंद' असलं बटण बनवतो तेव्हा हे नीट करतो: आधी ऑनएरर, मग काम, मग नंबर तपासून वर्णनाचा संदेश. विझार्डला नाक मुरडणाऱ्यांनी त्याचा हा मॅक्रो एकदा उघडून पाहावा. २०१० पासूनच्या, टेबलालाच जोडलेल्या डेटा मॅक्रोंना तर पडद्यावर बोलायची परवानगीच नाही. ते आपली गाऱ्हाणी 'यूसिसॲप्लिकेशनलॉग' या टेबलात लिहून ठेवतात. टेबल दिसत नसेल तर फाइल, इन्फोमध्ये त्याचं बटण असतं.

एका संगणकावर चालणारी फाइल दुसऱ्यावर 'डेट' किंवा 'लेफ्ट'सारख्या साध्या फंक्शनवर अडली, तर त्या बिचाऱ्यांना सोडून द्यावं. ऑल्ट आणि एफ११ दाबून टूल्समधलं रेफरन्सेस उघडावं. यादीत कुठेतरी 'मिसिंग' लिहिलेली एक ओळ सापडते. त्या संगणकावर नसलेल्या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची. ती गरजेची नसेल तर खूण काढावी, असेल तर ती लायब्ररी तिथे बसवावी. मग डीबगमधून कंपाइल करावं. काम फत्ते झालं की कंपाइलचा पर्याय पुसट होतो. तो बिघडला असं समजून त्याच्यावर पुन्हा पुन्हा क्लिक करू नये. समाधान व्यक्त करायची या प्रोग्रामची हीच रीत आहे.