‘टेन्शन आहे, दुसरं काही नाही’: त्या मेसेजला एका सिस्टरचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज माझ्याकडं चार ग्रुपांवरून आला. सासरच्या गावचा ग्रुप, माहेरचा, पोराच्या वर्गातल्या पालकांचा आणि शेवटी आमच्या जीएनएमच्या (नर्सिंगच्या कोर्सच्या) बॅचचा. मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं एवढंच: टेन्शन हे आजकालचं खूळ आहे, आपल्या बापजाद्यांना ते माहीतही नव्हतं. दवाखान्यात नर्सनं सुई-सलाईन बघावी, पेशंटच्या मनात शिरू नये. छातीत धडधड, घाम, हातापायाला मुंग्या आल्या की ते टेन्शनच, कागदी पिशवी तोंडाला लावून श्वास घेतला की पाच मिनिटांत माणूस नीट होतो. जीव द्यायचा विषय पेशंटसमोर काढू नये, नसलेलं डोक्यात भरतं. आणि फारच तडफड करत असेल तर झोपेचं इंजेक्शन द्यावं. खाली लिहिलंय, ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी दवाखान्याचा खर्च वाचेल.’

आमच्या बॅचच्या ग्रुपवर या मेसेजला अंगठे आले, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत मी १८ वर्षं काढली आहेत. त्या अनुभवावरून एकेक मुद्दा घेते. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

‘बापजाद्यांना टेन्शन माहीत नव्हतं.’ टेन्शन हा शब्द माहीत नव्हता, हे खरं. पण माझी आजी म्हणायची, अमक्यानं धसका घेतला. तमकीनं पोराच्या नावानं हाय खाल्ली. जिवाला घोर लागला, अन्न गोड लागंना, काळजात धस्स झालं, झोप उडाली. एवढे शब्द ज्या भाषेत रोज वापरले जातात, तिथल्या माणसांना ती गोष्ट माहीत नव्हती असं कसं म्हणायचं? धसका घेतलेली माणसं तेव्हाही खंगून जायची. फक्त त्यांना दवाखान्यात कुणी न्यायचं नाही, ‘बाहेरचं’ आहे म्हणून दुसरीकडं न्यायचे.

१९७२ च्या दुष्काळाचा दाखला त्या मेसेजमध्ये आहे. मी भूकंपाचा देते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर, त्या सगळ्या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते.

कैक वर्षांनी त्याच भागातली एक आजी आमच्याकडं मोतिबिंदूच्या ऑपरेशनला आली. आधी दोनदा बीपी वाढलं म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं होतं. रिपोर्ट बुकात लिहिलेलं, ‘रुग्ण सहकार्य करीत नाही, रात्री खाटेवर झोपत नाही.’ माझी रात्रपाळी होती. साडेतीनच्या सुमारास बघते तर आजी खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेली, नजर वर स्लॅबवर. मी शेजारी टेकले. म्हणाली, ‘हितं आत नगं माय. दाराजवळ टाक मला.’ तिनं त्या पहाटे काय गमावलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना) उठवून खाट दाराजवळ ओढली, दार उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बीपीचं औषध तेच होतं, डोसही तोच.

‘नर्सनं सुई-सलाईन बघावी.’ हे म्हणणाऱ्यांना आमचा अभ्यासक्रम माहीत नाही, आणि अंगठा देणाऱ्या माझ्या मैत्रिणी तो विसरल्या आहेत. मानसिक आरोग्य शुश्रूषा हा आम्हाला पूर्ण विषय असतो, त्याची पोस्टिंग असते. चिंतेच्या चार पायऱ्या आपण घोकल्या होत्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. त्या मांडल्या हिल्डगार्ड पेप्लाव यांनी, ज्या स्वतः नर्स होत्या. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, हा त्यांचा सिद्धांत १९५२ चा. म्हणजे हेही काही आजकालचं खूळ नाही.

या पायऱ्या परीक्षेपुरत्या नसतात. सौम्य चिंतेतला माणूस उलट जास्त सावध असतो, चार प्रश्न विचारतो, त्याला त्याच वेळी सगळं समजावून घ्यावं. मध्यम पायरीवर त्याचं लक्ष आकसतं, एक गोष्ट दोनदा सांगावी लागते. तीव्र पायरीवर तो एकाच गोष्टीला चिकटून बसतो, बाकी काही आत जात नाही. पॅनिकमध्ये तर तुम्ही काय बोलताय हेही त्याला कळत नाही. तिथं त्याला एकटं सोडायचं नाही, आवाज खाली ठेवायचा, वाक्य तीन-चार शब्दांचं. ‘मी इथंच आहे.’ ‘माझ्याकडं बघा.’ भोवतीची गर्दी हटवायची. न विचारता अंगाला हात लावायचा नाही.

एका बाईला साखरेचं निदान झालं त्याच दिवशी आमच्यातल्या एकीनं इन्शुलिन कसं घ्यायचं ते तीनदा दाखवलं. बाई मान हलवत होती. आठ दिवसांनी ती साखर चारशेच्या वर घेऊन परत आली, एकही डोस घेतलेला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘तुम्ही बोलूलालता, मला फकस्त जन्मभर सुई, जन्मभर सुई एवढंच ऐकू येत होतं.’ तिची पायरी ओळखली असती तर त्या दिवशी फक्त तिच्या शेजारी बसलो असतो आणि शिकवणं दुसऱ्या दिवशी केलं असतं. आता सांगा, यात सुई कुठली आणि मन कुठलं?

आता कागदी पिशवी. त्या मेसेजमधली हीच ओळ मला सगळ्यात घातक वाटते, म्हणून इथं जरा थांबते.

माणूस घाबरला की भरभर श्वास घेतो. त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळं ओठांना, बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं आकडतात. पिशवीत सोडलेला श्वास परत घेतला की तो वायू भरून निघतो, असा त्यामागचा हिशेब. पण तोच माणूस हार्ट अटॅकचा असला, दम्याचा असला, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकलेला असला, तर पिशवीनं त्याचा ऑक्सिजन आणखी तोडला जातो. म्हणूनच हा उपाय आता शिकवत नाहीत. धडधड, घाम आणि घाबरेपणा साखर उतरल्यावरही असाच दिसतो. थायरॉइड वाढल्यावर दिसतो, पोटात आत रक्तस्राव होत असताना दिसतो. ऑक्सिजन कमी पडायला लागला की पहिली खूण पुष्कळदा बेचैनीच असते. रोज पिणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात पडला आणि दारू तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, घाम फुटतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. नातेवाईक सांगतात, ‘टेन्शन घेतलंय त्यानं.’

फवारणीचं औषध पोटात गेलेला एक शेतकरी आमच्याकडं होता, पस्तिशीचा असेल. त्या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन, चालू होतं. रात्री दोनला त्यानं सलाईनची नळी ओढायला सुरुवात केली, चादर फाडली, हवेत काहीतरी वेचायला लागला. भाऊ म्हणाला, ‘आता लाज वाटूलालीय त्याला, म्हणून नाटक करूलालाय.’ मामा म्हणाले, ‘हातपाय बांधू का सिस्टर?’ मी कपाळाला हात लावला. तापलेलं, आणि कोरडं ठणठणीत. घाबरलेल्या माणसाचं अंग ओलं असतं, गार असतं. जीभ सुकलेली, बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाडी दीडशेच्या घरात, ओटीपोट लघवी तुंबून टणक. हे अॅट्रोपिन जास्त झाल्याचं चित्र होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी येऊन ड्रिप कमी केली. पहाटेपर्यंत तो शांत झाला. त्याला टेन्शन म्हणून सोडलं असतं, नाही तर बांधून ठेवलं असतं, तर सकाळी काय लिहावं लागलं असतं याचा विचार नको वाटतो.

म्हणून ‘टेन्शन आहे’ हे सगळं तपासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी म्हणायचं वाक्य आहे. आधी नाडी, बीपी, श्वास, बोटाला ऑक्सिजनचं मशीन, ग्लुकोमीटर, छातीत दुखत असेल तर ईसीजी. हे सगळं ठीक निघालं तर मग श्वासाकडं वळायचं. तिथंही आपण एक चूक करतो. ‘लांब श्वास घ्या, लांब श्वास घ्या’ म्हणतो आणि आधीच हवा ओढणारा माणूस आणखी ओढतो. मी म्हणते, ‘सोडा. बशीतला चहा गार करायला फुंकर मारता ना, तशी हळू सोडा.’ चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, आणि मी स्वतः त्याच्यासोबत तसा श्वास घेते. पॅनिकचा झटका बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत शिखर गाठून उतरणीला लागतो. तेवढा वेळ कुणीतरी शेजारी हवं असतं.

‘जीव द्यायचा विषय काढू नका.’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत आपल्याकडं फार खोल आहे. शिकलेल्या माणसांतही आहे. पण ती खरी नाही. यावर जगभर अभ्यास झालेत आणि विचारल्यानं धोका वाढतो असं त्यांत आढळलेलं नाही. ज्याच्या मनात ते चाललंय त्याला उलट ओझं उतरल्यासारखं होतं.

तोच शेतकरी. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या खाटेवर बसून होता. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, ‘पाणी समजून पिला, चुकून.’ पोलिसांची भीती हे त्यातलं मोठं कारण. इथं लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं काम आहे. दवाखान्यात एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते, पोलीस जबाब घेतात, पण तो गुन्हेगार नसतो.

मी भावाला चहा प्यायला पाठवलं. खाटेच्या बाजूला स्टूल ओढलं, उभ्यानं बोलले नाही. विचारलं, ‘दादा, अजून मरावं वाटतं का?’ शब्द फिरवले नाहीत. तो बराच वेळ सलाईनच्या थेंबांकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘चार दिस झाले, सगळे इचारतेत का केलंस. हे तुम्हीच पहिल्यांदा इचारलंत.’ आणि बोलायला लागला. कर्जाचं थोडं होतं, पण जास्त होतं ते बहिणीच्या लग्नात झालेल्या अपमानाचं. आम्ही सगळे मात्र कर्जच कारण धरून बसलो होतो. ‘मग, अजून वाटतं का?’ मी परत विचारलं. ‘रात्री वाटतं,’ म्हणाला.

या उत्तरानंतर काय करायचं ते ठरलेलं आहे. त्या दिवशी त्याच्याजवळ कायम एक माणूस ठेवलं, डॉक्टरांना सांगून जिल्हा मानसिक आरोग्य पथकाच्या डॉक्टरांना दाखवलं. भावाला बाजूला घेऊन सांगितलं, घरातलं फवारणीचं सगळं औषध दुसरीकडं हलवा, कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याजवळ. त्याच्या मोबाइलमध्ये १४४१६ हा टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर घातला. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण आमच्या वॉर्डात दहातल्या एकालाही ठाऊक नसतो. हे वाचताय तर तुम्हीही फोनमध्ये घालून ठेवा.

झोपेच्या इंजेक्शनबद्दल थोडक्यात. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय ते कुठलीही सिस्टर देऊ शकत नाही आणि देऊ नये. योग्य जागी ते औषध मोलाचं आहे, दारू तुटलेल्या माणसाला त्याच जातीची औषधं वाचवतात. पण ज्याची बेचैनी ऑक्सिजन कमी पडल्यानं आहे त्याला झोपवलं तर त्याचा श्वास आणखी मंदावतो, आणि म्हातारी माणसं त्या गुंगीत उठून पडतात, खुबा मोडून घेतात.

त्या मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी लिहिलीय: ‘सिस्टरला वेळ कुठं असतो?’ नसतो. चाळीस खाटांचा वॉर्ड, खाली गाद्यांवर आणखी दहा-बारा, आणि रात्री आम्ही दोघी. माणसं वाढवा म्हणून आम्ही मागत आलो आहोत आणि मागत राहू. पण पेशंट ओळखायला वेगळा तास काढावा लागत नाही. नाडी मोजायला मनगट हातात घेतेच, तेव्हा तळहात ओला आहे का ते कळतं. गोळी देताना बोट थरथरतंय का ते दिसतं. कालपर्यंत बोलणारा आज भिंतीकडं तोंड करून झोपलाय, जेवणाचं ताट तसंच आहे, हे औषधाची ट्रॉली ढकलत जाताना दिसतंच. दिसलेलं लिहून ठेवायचं तेवढं राहतं.

माझ्या बॅचच्या मैत्रिणींनो, ‘पेशंट त्रास देतो’ असं बुकात लिहू नका. परवाच्या रात्रपाळीतली माझी नोंद इथं उतरवते, लिहायला दोन मिनिटंही लागली नव्हती. ‘खाट १४. रात्री १ पासून जागे, सारखे उठून बसतात. नाडी ११२, ऑक्सिजन ९८, बीपी १४०/९०, साखर १२६. तळहात ओले. विचारल्यावर उद्याच्या ऑपरेशनमध्ये मधेच जाग येईल अशी भीती सांगितली. भूल कशी देतात ते थोडक्यात सांगितले, श्वास सोबत केला. २.४० ला नाडी ८८. ३ ला झोप लागली. सकाळी भूलतज्ज्ञांनी आधी यांच्याशी बोलावे, ही विनंती.’