तुमच्याकडचे लोक

परवा नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर एका वर्गमैत्रिणीने ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांच्या भांडणाची बातमी टाकली आणि खाली लिहिलं, “तुमच्याकडच्या लोकांना दुसरं काही काम नाही का गं? लहान मुलांच्या मालिकेवरून पन्नाशीची माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात!” लगेच कॉलेज रोडला राहणाऱ्या एका मित्राने निकाल दिला की मूळ पात्राला हात लावला की मालिकेचं वाटोळं होणारच. आधी बाई केली, मग काळा माणूस केला, आता भोगा म्हणावं. या दोघांनीही मालिकेचा एक भाग पाहिलेला नाही. मी रात्री साडेअकरापर्यंत उत्तरं लिहीत बसले. सकाळी सहाची शिफ्ट होती, तरीही.

माझ्या मुलीचं बालपण या मालिकेसोबत गेलं आणि ती तयार होते माझ्या आताच्या शहरात, वेल्समधल्या कार्डिफमध्ये. म्हणून थोडं सांगते. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर पहिला भाग लागला. निळ्या पोलीस बॉक्समधून काळात हिंडणारा एक परग्रहावरचा माणूस, नाव कुणाला माहीत नाही, सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. १९६६ साली विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याला नवं शरीर मिळतं अशी तोड काढली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. त्या एका युक्तीवर मालिका इतकी वर्षं चालली. १९८९ साली बंद पडली, २००५ साली कार्डिफमधून पुन्हा उभी राहिली. ३१ मे २०२५ च्या भागात शूटी गाट्वाचा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी दिसला बिली पायपरचा चेहरा, म्हणजे २००५ साली डॉक्टरसोबत हिंडणाऱ्या रोझचाच. ऑक्टोबरात डिझ्नीने पैशातून अंग काढून घेतल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून चाहत्यांचे दोन तट पडलेत. एक म्हणतो, मालिका संपवली; दुसरा म्हणतो, तुमच्या कटकटीनेच ती संपत आली.

‘मूळ पात्र’ म्हणणाऱ्या मित्राला मी विचारलं, मूळ कुणाचं? मालिकेची कल्पना पुढे रेटणारे सिडनी न्यूमन कॅनडाचे. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, तेव्हा सत्तावीस वर्षांची बाई. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. पुरुषांनी भरलेल्या त्या कचेरीत एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी मुलगा हे काम करत होते. मूळ शोधायला गेलात तर हातात परकी माणसंच लागतात.

शिवाय त्याने हे नाशिकमध्ये बसून म्हणावं? आपल्या तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मधले बेलवलकर किती जणांनी केले? १९७० साली श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त. आमच्या पंचवटीच्या घरी दिवाळीच्या फराळाला यावरून दरवर्षी वाजायचं. मोठे काका म्हणायचे, डॉक्टरांनंतर दुसरा बेलवलकर झालाच नाही. तेही ‘डॉक्टर’च म्हणायचे. बाबा दत्ता भटांचे. एकदा काका ताटावरून उठले आणि महिनाभर बोलले नाहीत. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्हाला दुसरं काम नाही का. ते रसिक. इथला माणूस तेच करतो तर तो रिकामटेकडा? मित्राचं म्हणणं, रंगभूमीची गोष्ट वेगळी. मला काहीही वेगळं दिसत नाही.

इथले चाहते सगळे सज्जन आहेत असं मी म्हणत नाही. जुलै २०१७ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यानंतर पहिली बाई डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकरचं नाव जाहीर झालं, तेव्हा जी गरळ ओकली गेली ती मी वाचली आहे. पण मला दुसरी माणसंही माहीत आहेत. साठ-सत्तरच्या दशकात बीबीसीने स्वतःच या मालिकेच्या टेप पुसून टाकल्या. पुन्हा कोण बघणार, असा हिशेब. कितीतरी भागांचं चित्र गेलं. आवाज मात्र एकूण एक भागाचा शिल्लक आहे, कारण घराघरांत पोरं टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून, आईला भांडी वाजवू नकोस म्हणत बसली होती. २०१३ साली हरवलेले नऊ भाग नायजेरियात मिळाल्याचं जाहीर झालं, तेही एका माणसाने देशोदेशीची धूळ खात शोधल्यामुळे. मधल्या कोरड्या वर्षांत चाहत्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, श्रुतिका काढल्या. ज्यांना काम नाही म्हणता, त्यांनीच ही गोष्ट सांभाळली आहे.

मी दुपारच्या सुट्टीत कधी कधी खाडीवर जाते. मरमेड कीच्या खाली, पाण्याच्या कडेला एक भिंत आहे. याच मालिकेतून निघालेल्या दुसऱ्या मालिकेतलं यांटो जोन्स नावाचं पात्र २००९ साली मेलं, तेव्हापासून लोक तिथे फुलं आणि चिठ्ठ्या लावत आलेत. कधीही न जन्मलेल्या माणसाचं स्मारक. माझ्या वॉर्डातली वेल्श सहकारी त्यांना ‘डूलॅली’ म्हणते, म्हणजे डोकं फिरलेले. मी तिला सांगितलं, हा शब्द माझ्या गावचा आहे. ब्रिटिश अमदानीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई महिनोन्महिने देवळालीच्या छावणीत अडकून पडायचे आणि त्यातच भ्रमिष्ट व्हायचे. देवळालीची डूलॅली तिथे झाली. ती हसली आणि म्हणाली, घरी जायची वाट बघत वेडं होणं समजू शकतं. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आणखी एक गोष्ट मी ग्रुपवर लिहायला घेतली होती आणि अर्ध्यावर सोडली. १९८६ साली क्रिस चिबनल नावाचा एक तरुण चाहता बीबीसीच्या कार्यक्रमात आला आणि मालिकेच्या लेखकांच्या तोंडावर त्यांच्या गोष्टी किती सुमार आहेत ते सांगून गेला. २०१८ साली मालिकेची सूत्रं त्याच्याच हाती आली. त्याच्या काळात फाळणीवरचा भाग आला, ११ नोव्हेंबर २०१८, विनय पटेलने लिहिलेला. तो बघून मुलीने आजीला फोन लावला. आईने तिला देवळाली कॅम्पातल्या आपल्या सिंधी मैत्रिणीबद्दल सांगितलं, जे मला कधीच सांगितलं नव्हतं. त्या एका फोनसाठी मी या माणसाची ऋणी आहे.

पण १ मार्च २०२० च्या भागात त्याने सांगून टाकलं की डॉक्टर मुळात गॅलिफ्रे या ग्रहाचा नाहीच. कुठून तरी आलेलं बेवारस मूल, ज्याला तिथल्या बाईने वाढवलं. चाहते भडकले. मीही भडकले. नाशिकच्या मंडळींना काम नाही का विचारता येऊ नये म्हणून हे मी लपवलं, पण इथे लिहिते: मी बीबीसीला तक्रारीचं पत्र पाठवलं होतं. दोन पानांचं. कथानकातल्या विसंगतींबद्दल, नीट मुद्देसूद.

विसंगतींचं मला काहीएक पडलेलं नव्हतं. २०१९ साली आम्ही पंचवटीतलं घर विकलं. आता नाशिकला गेले की मामेबहिणीकडे गंगापूर रोडला उतरते, दिवाणखान्यातल्या पलंगावर. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर जाते तेव्हा बॅग कुणाच्या तरी घरी असते. डॉक्टर कितीही भटकला, चेहरे बदलले, तरी त्याचा ग्रह ठरलेला आहे, पत्ता आहे, या गोष्टीवर मी किती टेकून होते ते त्या रात्री कळलं. एका लेखकाने येऊन तो पत्ता खोडला. मला तो खोडायला नको होता. आजही तो भाग मला मान्य नाही.

आता त्या वर्गमैत्रिणीबद्दल. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा मी याच ग्रुपवर विरोधात लिहिलं होतं. तिने उत्तर दिलं, “तिकडे बसून सांगणं सोपं आहे. कुंभाला गर्दी आमच्या दारात होते.” म्हणजे नाशिकबद्दल बोलले तर मी तिकडची, आणि इथल्या चाहत्यांना नावं ठेवायची असली की ते ‘तुमच्याकडचे’. दोन्हीकडून मी समोरच्या बाकावर. तिचं एक म्हणणं खरं आहे. सिंहस्थातली गर्दी, बंद रस्ते, पाण्याचे टँकर हे ती सोसते. मी इथे रिसायकलिंगच्या डब्यांवरून काउन्सिलला ईमेल लिहिते. पण तपोवनातल्या झाडांखाली मी सातवी-आठवीत डबे खाल्ले आहेत. ज्या माणसाने मालिका वीस वर्षांपूर्वी बघणं सोडलं आणि तरी अजून नव्या डॉक्टरवर तावातावाने बोलतो, त्याला गप्प बस म्हणायचा हक्क मला नाही. मलाही कुणी म्हणू नये.

रात्रीचं उत्तर पाठवण्याआधी वाचून पाहिलं. सुरुवात होती, “आमच्याकडे लोक या मालिकेवर मनापासून प्रेम करतात”. ‘आमच्याकडे’ खोडलं आणि ‘इथे’ लिहिलं. मग वर जाऊन तपोवनाचा तो जुना संदेश शोधला. त्यात ‘आपली झाडं’ असं होतं. ते तसंच ठेवलं आहे.