भिंतीला सोलर रंग फासायच्या आधी

मामाने काल छतावरच्या सोलर पॅनेलचं काम थांबवलं. कारण कॉलनीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: ‘सेंद्रिय सोलर रंग आला! ब्रशने भिंतीला कसाही फासा. कार्यक्षमता 20%, पॅनेलइतकीच. 25 वर्षं निवांत. कंपन्या हे दडवतात.’ याच विषयात प्रयोगशाळेत चार वर्षं घासलेल्या भाच्याला, म्हणजे मला, विचारावं, हे मात्र सुचलं नाही!

‘कसाही फासा’ वाचून तर कपाळावर हात मारला. अहो, सगळं त्या ‘कसा’वरच तर अडलंय. सेंद्रिय म्हणजे इथे कार्बनयुक्त पदार्थांचा. त्यातला वीज देणारा थर साधारण 100 नॅनोमीटरचा, केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. त्यात इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा असे दोन पदार्थ मिसळलेले. उन्हाने तयार झालेली धन-ऋण जोडी जेमतेम 10 नॅनोमीटर सरकते आणि विझते. तेवढ्यात तिला दुसऱ्या पदार्थाची हद्द गाठावी लागते. गुठळ्या मोठ्या झाल्या तर जोडी वाटेतच संपते. फारच एकजीव झालं तर सुटलेल्या प्रभाराला बाहेर पडायला सलग वाट उरत नाही. मामीला विचारा: साखर तीच, पाणी तेच, पण पाक चुकला की लाडू वळत नाहीत.

2001 साली ऑस्ट्रियातल्या लिंझच्या गटाने इलेक्ट्रॉन देणारं पॉलिमर तेच ठेवलं, इलेक्ट्रॉन घेणारं फुलरीनही (कार्बनचे चेंडूसारखे रेणू) तेच. फक्त टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझिनमध्ये विरघळवून थर दिला. कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेचा वीज होणारा वाटा, 0.9 वरून 2.5 टक्क्यांवर गेली! नुसत्या द्रावकाने एवढा फरक पडतो, आणि हे निघालेत डिस्टेंपरवर ब्रश मारायला. शिवाय थराच्या दोन्ही बाजूंना वीज बाहेर नेणारे इलेक्ट्रोड लागतात, त्यातला एक पारदर्शक. भिंतीला वायर कुठे जोडणार, चुन्याला?

20 टक्क्यांचं म्हणाल तर, मान्य करावंच लागेल, आकडा हवेतला नाही. 2019 मध्ये वाय-6 हा इलेक्ट्रॉन घेणारा नवा रेणू आल्यापासून प्रयोगशाळेतले सेल झपाट्याने सुधारले आणि आता साधारण तिथवर पोचलेत. पण ते सेल नखाएवढे. मोठ्या पृष्ठभागावर तसाच थर साधत नाही, आकडा घसरतो. प्लास्टिकच्या गुंडाळीवर असे सेल छापता येतात, हेही खरं. पण ते यंत्रावर.

25 वर्षं? ऑक्सिजन, ओल आणि ऊन यांनी हा थर खराब होतो, आणि नीट जमलेलं मिश्रणही उष्णतेने हळूहळू गुठळ्या धरतं.

दडवादडवीचं तर सोडाच. हे संशोधन गेली कित्येक दशकं उघड छापलं जातंय.

मामा, पॅनेलवाल्याला मी फोन केलाय. कोटेशन शुक्रवारपर्यंत चालेल म्हणाला.